बोळकी चाल

कवळीच्या मापासाठी डॉक्टरने वरच्या जबड्याचा साचा टाळूवर दाबून धरला, "नाकानं श्वास घ्या काका, गिळू नका," असं म्हणाली, आणि मास्कच्या आतल्या आत गुणगुणायला लागली. तो खुर्चीत अर्धवट आडवा होता. गळ्याशी कागदी रुमाल, तोंडात पत्र्याचा साचा, त्यात थंडगार गुलाबी मसाला आणि त्या मसाल्याला पेपरमिंटचा वास. मसाला घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, एवढंच त्याचं काम होतं, आणि ते तो इमानेइतबारे करत होता. समोरच्या भिंतीवर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. एवढे दात घेऊन ही बाई करते तरी काय, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं होतं. गुणगुणण्याकडे लक्षही नव्हतं. चाल सावकाश वर चढली, एकदा वळली, दुसऱ्यांदा वळली. तिसऱ्या वळणावर जिथे सगळ्यात वरचा सूर लागायला हवा, तिथे सूर लागलाच नाही. नुसता श्वास आत घेतल्याचा आवाज आला आणि चाल पुढच्या सुरावरून खाली उतरली. खुर्चीच्या टोकाला त्याचे पाय आपोआप ताठ झाले.

गिळलं असेल तिनं, त्याने स्वतःची समजूत घातली. मास्कमध्ये कोंडल्यासारखं झालं असेल. दात नसलेल्या माणसाला भलतंसलतं ऐकू येतं की काय कोण जाणे. बायको म्हणालीच होती, दात गेल्यापासून तुमचं कशातच लक्ष नसतं. पण डॉक्टरने चाल पुन्हा पहिल्यापासून धरली, आणि आता तो नुसते कान झाला. एक वळण. दुसरं. तिसऱ्यावर पुन्हा तोच श्वास, त्याच जागी, तेवढाच. ही चाल जगात दुसऱ्या कुणाची नव्हती. ही त्याच्या आईची होती. आई शिवणाच्या मशीनवर बसायची, ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे गाणं म्हणायची सोय नव्हती. ती मिटल्या तोंडाने कुठलं तरी स्वतःचंच गुणगुणायची आणि पायाने मशीन हाकायची. मशीन थांबलं की चाल थांबायची. पण आईच्या चालीत त्या जागी सूर होता, चांगला लांब सूर. तिथला श्वास आईचा नव्हता. तो श्वास त्याचा स्वतःचा होता, आणि तोही हौसेचा नाही, नाइलाजाचा.

फौजेत भरती होण्याआधी तो सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. तिथे एक गिऱ्हाईक माउथ ऑर्गन विसरून गेलं आणि परत आलंच नाही. बरेच दिवस तो फळीवर पडून होता. मग एक दिवस त्याने तो शर्टाला पुसला आणि ओठांना लावला. पहिला सूर वाजला तो कानात नाही, दातांत. वरच्या पुढच्या दातांत एक बारीक थरथर उतरली, तिथून गालाच्या हाडात गेली आणि डोक्यात कुठेतरी जाऊन बसली. त्याला कुणी शिकवलं नाही. शिकायचं असतं हेही त्याला माहीत नव्हतं. आईची चाल शोधत शोधत तो एकेका भोकावर जायचा, चुकायचा, परत यायचा, आणि सापडली तेव्हा एवढा आनंद झाला की तो दुकान उघडं टाकून धावत घरी गेला. आई ऐकून ओठांतल्या टाचण्यांमधूनच हसली होती. पल्टणीत जाताना त्याने तो एका लोकरी मोज्यात घालून नेला. लोक फोटो नेत, चिठ्ठ्या नेत. याचं म्हणजे मोजा आणि बाजा. पोस्टवर सगळे माउथ ऑर्गनला बाजाच म्हणायचे. लढाई सुरू झाल्यावर एकदा तोफेचा आवाज ऐकून तो खंदकात उडी मारायला गेला आणि छातीवरच आपटला. बरगड्या वाचल्या, खिशातल्या बाज्याची एक पत्ती मोडली. नेमकी त्या वरच्या सुराची. ती जागा आली की हवा नुसती फुस्स करून निघून जायची. दुसरा असता तर त्याने चाल सोडली असती. याने तिथे श्वास घ्यायची सवय लावून घेतली.

त्याचं काम फोनवर होतं. मधल्या चौकीत जमिनीखाली एक खोली, तिच्यात लाकडी पेटीतला फोन, आणि तिथून तीन तारा तीन पुढच्या चौक्यांना गेलेल्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीला प्रत्येक तार तपासायची: हँडल फिरवायचं, बोलायचं, पलीकडच्याने 'लाइन साफ' म्हणायचं. तारेवर नाव घ्यायला बंदी होती. माणसाचं नाव म्हणजे चौकीचा नंबर. 'हॅलो हॅलो' म्हणून म्हणून तो कंटाळला आणि एके दिवशी त्याने फोनमध्ये बाजाच वाजवला. एक नंबर आणि दोन नंबर घाईची माणसं. पहिल्या ओळीलाच 'साफ, साफ' करून फोन ठेवून द्यायची. तीन नंबर ओढ्यापलीकडे होती, सगळ्यात लांब. तिथला माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "लाइन साफ आहे रे. पण तुझ्या बाज्याचा दात पडलाय की काय?"

"पत्ती मोडलीय एक."

"म्हणजे चालच बोळकी झाली म्हण की. वाजव, पुन्हा एकदा वाजव, बोळक्या."

तेव्हापासून तीन नंबरसाठी तो बोळक्या झाला. वय वर्षं बावीस, तोंडात बत्तिशी शाबूत, आणि नाव बोळक्या. रोज संध्याकाळी एक आणि दोन आटपले की तो खरा वाजवायला बसायचा. तीन नंबर पलीकडून बरोबर गुणगुणायचा, आणि ती जागा आली की तोही श्वास घ्यायचा. दोघांचे श्वास तारेत एकाच वेळी ऐकू यायचे. बोलणं फारसं व्हायचंच नाही. तारेवर घरच्या गोष्टी बोलायच्या नसत आणि लढाईच्या गोष्टींचा दोघांनाही वीट आला होता. तीन नंबर उंच की बुटका, काळा की गोरा, लग्नाचा की बिनलग्नाचा, त्याला काहीच माहीत नव्हतं. आवाज खोल, म्हणून त्याने मनाशी एक जाडजूड मिशीवाला माणूस ठरवून टाकला होता. आपल्याच खोलीत, हाताच्या अंतरावर झोपणाऱ्या माणसांपेक्षा तो मिशीवाला त्याला जवळचा वाटायचा. याचं त्याला तेव्हाही नवल वाटलं होतं, आणि आज खुर्चीत, तोंडात मसाला घट्ट होत असताना, पुन्हा वाटलं.

मग तो दिवस. सकाळपासून ओढ्यापलीकडे मारा चालला होता, जमिनीखालच्या खोलीत छतातून माती गळत होती. दुपारी मारा थांबला. एक नंबर बोलली, दोन नंबर बोलली, तीन नंबर बोलेना. त्याने हँडल फिरवून फिरवून मनगट दुखवून घेतलं. तारवाला ओढ्यापर्यंत सरपटत जाऊन आला आणि म्हणाला, "तार धड आहे. माणसंच नाहीत." तार धड आहे एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. त्याने बाजा काढला आणि फोनमध्ये वाजवायला लागला. वाजवायचं, थांबायचं, 'तीन, ऐकू येत असेल तर हँडल फिरव' म्हणायचं, कानाला लावायचं. कानात नुसती तारेची घूं. पुन्हा वाजवायचं. ओठ सोलून निघाले, पत्र्याला रक्ताची चव आली. संध्याकाळ झाली तेव्हा पोस्टचा साहेब येऊन मागे उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो. बराच वेळ नुसता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बंद कर आता. मेलेल्यांची चेष्टा केल्यासारखं वाटतं." चाल दुसऱ्या वळणावर होती. त्याने तिथेच बंद केली आणि बाजा मोज्यात घातला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मागे आणलं. ट्रकमध्ये कुणीतरी कुणालातरी सांगत होतं, तीन नंबर साफ झाली म्हणे. साफ हा शब्द त्याला त्यानंतर कधी सहन झाला नाही. बाजा पुन्हा ओठांना लागला नाही तो नाहीच. लग्नानंतर बायकोने एकदा मोजा धुवायला म्हणून बाहेर काढला होता, तेव्हा तो तिच्यावर एवढा ओरडला की तिने तो जसाच्या तसा कपाटात परत ठेवला आणि पुढे कधी विषय काढला नाही.

आणि आता ही बाई, मास्क लावलेली, त्याच्या तोंडात बोटं घालून ती चाल गुणगुणत होती. तो हिशेब मांडायला लागला. आपल्या पोस्टवरचं कोण? स्वयंपाक्याला सुराचा गंध नव्हता. तारवाला त्याच वर्षी गेला, साहेब केव्हाच. एक नंबर आणि दोन नंबरने तिसरं वळण कधी ऐकलंच नाही. तारेवर ते ऐकलं होतं एकट्या तीन नंबरने. पण तीन नंबर तर... त्याने डोळे फिरवून डॉक्टरच्या कपाळाकडे पाहिलं, कानाजवळच्या चारदोन पांढऱ्या केसांकडे पाहिलं. चाळिशीच्या आतबाहेरची. लढाईला त्याहून जास्त वर्षं झाली होती. म्हणजे हिचा जन्म नंतरचा. म्हणजे त्या दिवसानंतरही कुणीतरी... काळीज एवढं धडधडायला लागलं की रुमाल हलत असेल असं त्याला वाटलं. "अं! अं अं!" तो म्हणाला.

"ओकारी येतेय का? मान थोडी पुढे करा. आणि हलू नका बरं, नाहीतर पहिल्यापासून करावं लागेल."

ओकारी नाही गं, त्याला ओरडायचं होतं. जीभ साच्याखाली दबलेली होती, टाळूला मसाला चिकटलेला होता, तोंड असून बोलायची सोय नव्हती. चाल संपली. डॉक्टरने साचा एका झटक्यात काढला, चप्प असा आवाज झाला, आणि लाळ पुसायच्या आधीच त्याने विचारलं, "ही चाल कुणाची?"

"आमच्या घरची आहे," साच्यात उमटलेल्या हिरड्या दिव्याकडे धरून बघत ती म्हणाली. "माझं घड्याळ आहे ते. दोनदा गुणगुणली की मसाला बसतो. वा, छान आलंय माप. आता खालचं."

"मधे एक सूर नाही तिच्यात."

ती त्याच्याकडे वळली. "काका, एवढ्या वर्षांत हे लक्षात आलेले तुम्ही पहिलेच पेशंट. बाबा तिला बोळकी चाल म्हणायचे."

"म्हणायचे?" तो कोपरावर उठला. "आता नाहीत?"

"आहेत, आहेत. सांगते सगळं, आधी आ करा." मदतनीस बाई रबरी वाटीत दुसरा मसाला घोटून उभी होती. "तो घट्ट झाला तर फुकट जाईल," म्हणत डॉक्टरने साचा भरला आणि त्याच्या खालच्या जबड्यावर बसवला. त्याने तोंड उघडलं ते बोलायला. उघडलेल्या तोंडात मसाला गेला. पुन्हा तिची बोटं, पुन्हा पेपरमिंट. यावेळी ती गुणगुणली नाही, बोलली.

"बाबा लढाईत होते. फोनवर. त्यांची चौकी पडली तेव्हा ते तुळईखाली सापडले, कमरेपासून खाली हलता येईना. बरोबरची माणसं गेली होती. फोनचं हँडल मोडलेलं, बोलायच्या बाजूचा चुरा. ऐकायची बाजू तेवढी शाबूत. ती त्यांच्या कानाशीच पडली होती. आणि तिच्यातून हा बाजा वाजत होता. पलीकडचा वाजवायचा आणि म्हणायचा, ऐकू येत असेल तर हँडल फिरव. बाबा ओरडून ओरडून घसा फोडत होते, ऐकू येतंय रे बाबा, वाजव, थांबू नकोस. पण ते त्याला कसं कळणार? बाबा म्हणायचे, त्या दिवशी मला कान होते, तोंड नव्हतं. डोळे मिटायला लागले की चाल सुरू व्हायची आणि ते पुन्हा जागे व्हायचे. दुसऱ्या दिवशी शत्रूच्याच लोकांनी त्यांना उचलून नेलं. पुष्कळ दिवसांनी सोडलं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि आडवं वाहत कानांत गेलं.

"दुखतंय का?"

त्याने मान हलवली.

"हलू नका हो! थोडंच राहिलंय. तर संध्याकाळी काय झालं, चाल मधेच थांबली. दुसऱ्या वळणावर. बाबा वाट बघत राहिले, तिसरं वळण येईल म्हणून. आलंच नाही. तेव्हा ते समजले की बोळक्या गेला. वाजवता वाजवताच गेला असणार, नाहीतर असा मधे सोडणारा माणूस नव्हता तो, म्हणायचे. आम्ही लहानपणी चाल म्हणताना त्या जागी मुद्दाम सूर घालायचो. कधी न रागावणारे बाबा, पण त्याला रागवायचे. म्हणायचे, ती जागा त्याची आहे. तिथे कुणी बसायचं नाही."

मी आहे, मी इथे आहे, तुझ्या बोटांखाली आहे, तो आतल्या आत ओरडत होता आणि गळ्यातून नुसतं गुरगुरणं बाहेर पडत होतं. एवढ्या वर्षांत आपण त्या माणसासाठी रडलो, आणि तो आपल्यासाठी. त्याने कारण तरी चांगलं शोधलं होतं: मेला म्हणून थांबला. खरं कारण केवढं साधं होतं. साहेब मागे उभा राहिला आणि आपल्याला लाज वाटली. कमरेवर तुळई घेऊन तो माणूस तिसऱ्या वळणाची वाट बघत पडला होता आणि आपण बाजा मोज्यात घालत होतो, नीट, पत्र्याला ओरखडा येऊ नये म्हणून. हे आता सांगायचं की नाही? न सांगितलं तर बोळक्या तिच्या घरात आहे तसाच राहील, वाजवता वाजवता गेलेला. फारच चांगला माणूस होता तो बोळक्या. मसाला आवळत चालला होता. तो निघू नये असंही त्याला क्षणभर वाटलं.

साचा निघाला.

"गेला नव्हता," तो म्हणाला. शब्द हिरड्यांवरून घसरत होते. "साहेब म्हणाला बंद कर. म्हणून बंद केलं. मी... मी थांबलो."

डॉक्टर साचा हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने मास्क खाली ओढला. त्याने तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. त्यात तो तीन नंबर शोधायला लागला आणि मिशीशिवाय कसा सापडणार, असा वेडगळ विचार त्याच्या मनात आला.

"तुम्ही बोळक्या?" तिने अगदी हळू विचारलं.

"अहो डॉक्टर, काय बोलताय पेशंटला!" मदतनीस बाई मागून पुटपुटली.

दोघंही हसले, आणि हसता हसता डॉक्टरच्या तोंडाचा भलताच आकार झाला. ती स्टुलावर बसली. मग तिने राहिलेलं सांगितलं. गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. "ऐकू येतं त्यांना. म्हणजे आम्हाला वाटतं, येतं. डॉक्टर लोक काही सांगत नाहीत. मी जवळ बसून चाल म्हणते, पण ते छताकडेच बघत असतात." तिने पर्समधून मोबाइल काढला. "आत्ता लावू? आई धरेल त्यांच्या कानाशी."

"नको," तो म्हणाला. "दिवेलागणीला. आमची लाइन तेव्हाच तपासायची असते."

घरी आल्या आल्या त्याने कपाट उघडलं. बायको ताट वाढायचं सोडून दारात येऊन उभी राहिली. त्याने तिला सगळं सांगितलं, मोजा हातात धरून, उभ्यानेच. लग्नाच्या इतक्या वर्षांत एवढं तो तिच्याशी एका दमात कधी बोलला नव्हता. तिने पदराने नाक पुसलं आणि ती बोलली ते मात्र तिच्या नेहमीच्याच सुरात. "अहो, पण दात तरी बसू द्या आधी. महिनाभरात मिळतील. बोळक्या तोंडाने काय वाजवणार?"

"एकदा थांबून झालंय," तो म्हणाला.

बाजा गार होता, कडेला हिरवट झाला होता. त्याने तो तळहातांत धरून गरम केला, झटकला, ओठांना लावला. ओठ आत गेले. हवा दोन्ही बाजूंनी निसटत होती, आणि दातांत उतरणारी ती थरथर, तिला उतरायला आता दातच नव्हते. सूर घोगरा निघाला. दुसरा आणखी घोगरा. पण हिरडीतून, जबड्याच्या हाडातून काहीतरी वर चढलं आणि डोक्यात त्याच जुन्या जागी जाऊन बसलं. त्याचा जीव भांड्यात पडला. समोरच्या इमारतीत एकेक खिडकी उजळायला लागली तसा त्याने फोन लावला. बायकोने स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"बाबांच्या उशीवर ठेवलाय," डॉक्टरचा आवाज आला. मग तिकडे शांतता. शांततेत आजारी माणसाचा श्वास, अडखळता, वेडावाकडा.

"तीन," तो म्हणाला, "लाइन ऐक."

त्याने वाजवलं. एक वळण, दुसरं, तिसरं, त्या जागी श्वास, आणि खाली. पलीकडे तोच वेडावाकडा श्वास, आपल्याच चालीने चाललेला. त्याने पुन्हा वाजवलं. काही नाही. पुन्हा. बायकोने फोन या हातातून त्या हातात घेतला. ओठ हुळहुळायला लागले होते, पत्र्याची ती जुनी चव जिभेवर आली होती. मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं त्याला वाटलं. साहेब केव्हाच मरून गेला होता, तरी वाटलं. बंद कर आता. बायकोही डोळ्यांनी तेच म्हणत होती, मायेनेच म्हणत होती. त्याने दुसरं वळण घेतलं. इथेच थांबलो होतो. छाती दुखत होती, दम पुरत नव्हता. तो तिसऱ्या वळणावर चढला, वरच्या सुराची जागा आली, आणि त्याने श्वास घेतला.

पलीकडूनही कुणीतरी त्याच जागी श्वास घेतला.

बायकोने फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिकडे डॉक्टर "बाबा, बाबा" म्हणत होती. त्याने मानेनेच बायकोला हात खाली करू नकोस म्हणून खुणावलं आणि पुढचा सूर घेतला.